कांजूरमार्गचा डावखुरा

मुलुंडहून निघालेल्या धीम्या लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली, तर आज मोबाइल खिशातच राहू द्या. नाहूर जाईल, भांडुप जाईल. कांजूरमार्ग आलं की एकच नाव मनात आणा : विनोद कांबळी. इथल्याच चाळीतला मुलगा. किट सांभाळत, गर्दीतून वाट काढत तो दादरला शारदाश्रम शाळेत आणि शिवाजी पार्कवर क्रिकेट प्रशिक्षक आचरेकर सरांकडे जायचा.

नावापाठोपाठ काय आलं, ते बघा. बहुधा ‘वाया गेला’. नाहीतर ‘सचिन कुठे आणि हा कुठे’. आलेल्या वाक्याशी भांडू नका. ते आपल्याकडे आलं कुठून, एवढंच विचारा. घरात, नाक्यावर, मुलांना अभ्यासाला बसवताना ते ऐकत आलो आपण. अनेकांना त्याची एकही खेळी पाहण्याआधी त्याचं तात्पर्य पाठ झालं होतं.

आता सावकाश श्वास घ्या आणि खेळ बघा. एप्रिल 1994, शारजा. चेंडू शेन वॉर्नच्या हातात. भल्याभल्यांना त्याची फिरकी कळत नव्हती, ते दिवस. समोर डावखुरा कांबळी, बॅट उंच उचललेली. त्या एका षटकात 22 धावा. घाई करू नका, थांबा त्या षटकापाशी.

मग आणखी मागे जा. फेब्रुवारी 1988, आझाद मैदान, शालेय क्रिकेटची हॅरिस शील्ड. 664 धावांची अभेद्य भागीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात सचिन नाबाद 326 आणि कांबळी नाबाद 349, हे किती जणांना आठवतं? 1993 मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध 224, लगेच दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध 227, मग श्रीलंकेत दोन शतकं. कसोटीतल्या हजार धावा अवघ्या 14 डावांत. एकूण 17 कसोटी, सरासरी 54.20. शेवटची कसोटी 1995 मध्ये, वय वर्षं 23. हे आकडे एकेक करून मनात उतरू द्या. आपल्या निकालपत्रात ते नव्हतेच.

13 मार्च 1996 ची रात्रही येईल. ईडन गार्डन्स, विश्वचषकाचा उपांत्य सामना, भारत 8 बाद 120, मैदानावर बाटल्या, सामना श्रीलंकेला बहाल. रडत परतणारा कांबळी नाबाद होता.

पुढे डिसेंबर 2024. शिवाजी पार्कात आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण, सचिनचा हात घट्ट धरून बसलेला थकलेला मित्र. ते पाहून अनेकांचा राग गेला आणि त्या जागी कीव आली. इथे जरा जास्त वेळ थांबा. मला ही कीवही पुरेशी वाटत नाही. दोष देणारा जितका वरून बघतो, तितकाच कीव करणाराही. व्यसनाबद्दल कांबळी स्वतः उघडपणे बोलला आहे. ते झाकायचं कारण नाही. पण त्यापायी 224 धावांतली एकही धाव कमी होत नाही, आणि मतबदल करायचा तर तो तिथून व्हावा.

विक्रोळी येईल. अजून एक प्रश्न सोबत ठेवा. 1994 च्या अखेरीस वेस्ट इंडिजचा वॉल्श आखूड चेंडूंनी त्याला सतावत होता. तेव्हा या तेवीस वर्षांच्याही आतल्या मुलाबरोबर नेटमध्ये उभं राहून ते चेंडू खेळायला शिकवणारे किती होते, आणि ‘बघा, उघडा पडला’ म्हणणारे किती?