सेवकाच्या वीस वर्षांचा हिशेब

(उत्पत्ति, अध्याय 31, वचने 38 ते 42 वाचावीत.)

याकोबाने लाबानाजवळ वीस वर्षे चाकरी केली. त्यांपैकी चौदा वर्षे त्याच्या दोन कन्यांसाठी व सहा वर्षे कळपासाठी. दिवसा उन्हाने व रात्री थंडीने तो कष्टी झाला. श्वापदाने फाडलेल्या मेंढराची तूटही त्याने स्वतःच सोसली. तो आला तेव्हा लाबानाचे धन थोडके होते. ते पुष्कळ वाढले. याकोबामुळेच आपले बरे झाले, हे लाबानाने आपल्या मुखाने कबूल केले. तरीही त्याने याकोबाचे वेतन दहा वेळा फिरवले. ज्याच्या हातून आपली भरभराट झाली, त्याला तीत वाटा देण्याचे त्याच्या मनात आले नाही, हेच लाबानाचे पाप होय.

हे पाप आपल्या पेण व रोहे तालुक्यांपासून दूर नाही. पेण येथे पोह्यांच्या पापडांचे व मूर्तींचे कारखाने आहेत. रोह्याजवळ धाटाव येथे रसायनांचे कारखाने आहेत, व त्यांच्या आश्रयाने दुरुस्तीची दुकाने, मालमोटारी व खानावळी चालतात. असा धंदा बहुधा एका खोलीत सुरू होतो, व पहिल्या दिवसापासूनचा एखादा गडी मालकाजवळ असतो. उधारी कोणाकडे राहिली, कोणते गिऱ्हाईक कशाने संतुष्ट होते, हे त्याला मुखोद्गत असते. पुढे धंदा वाढतो. नवा मनुष्य येतो तो चालू दराने पगार ठरवूनच येतो. जुना मागत नाही, म्हणून त्याचा पगार नव्याहूनही मागे पडतो. मालक म्हणतो, “तो तर घरचाच आहे.” बंधूंनो, घरचा म्हणावे आणि परक्याहून कमी द्यावे, हा कोणता न्याय?

तर मग योग्य वेतन कसे ठरवावे? मालकाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हा उद्या सोडून गेला तर त्याच्या कामासाठी किती माणसे ठेवावी लागतील, व त्यांना काय द्यावे लागेल? दुसरा, मागचा पगार ठरला तेव्हा त्या रकमेत जितके तांदूळ व तेल येत असे, तितके आज येते काय? तिसरा, धंद्याची प्राप्ती वाढली त्या मानाने त्याचे वेतन वाढले काय? किमान वेतनाचा कायदा 1948 साली झाला; परंतु किमान म्हणजे ज्याच्या खाली जाऊ नये ती पायरी, न्यायाची सीमा नव्हे.

निरोपाचाही विचार करावा. सुटून जाणाऱ्या दासाला रिकाम्या हाताने धाडू नये, तर कळपातून, खळ्यातून व द्राक्षकुंडातून उदारपणे द्यावे, अशी आज्ञा अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात आहे. आपल्या देशात 1972 च्या उपदान कायद्याने प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन हे माप घालून दिले. महिन्याचे 13,000 रुपये मूळ वेतन असेल, तर महिन्याचे सव्वीस दिवस धरून रोजचे 500 होतात. म्हणजे वर्षामागे 7,500, आणि वीस वर्षांचे 1,50,000. ही रक्कम आजपासून बाजूस ठेवीत जावे, म्हणजे त्या दिवशी भार वाटणार नाही.

कोणी म्हणेल, “धंदा वाढला खरा, पण कर्जही वाढले.” हे खरे असेल तर त्या सेवकाला वही दाखवावी, आज जमेल ते द्यावे व उरलेले केव्हा देणार हे लिहून द्यावे. माप एकाच्याच हाती राहिले म्हणजे काय होते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. अलिबागेजवळ चरी येथे 1933 साली कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. तो 1939 पर्यंत चालला, आणि पंचवीस गावांतील जमिनी पडीक राहिल्या. पिकवणाऱ्याचा न्याय्य वाटा नाकारून खोतांच्या कोठारात काय पडले?

सेवकांनो, तुम्हीही याकोबासारखे विश्वासू राहा; आणि आपले योग्य मागणे नम्रतेने व उघडपणे मांडण्यास लाजू नका. मालकांनो, त्याने मागेपर्यंत थांबू नका. लाबान थांबला, आणि एके दिवशी याकोब त्याला न सांगता निघून गेला.

आपणा सर्वांचा धनी स्वर्गात आहे. त्याच्यापुढे आपली वही उघडेल, तेव्हा कोणाच्या घामाची बाकी तीत निघू नये, अशी कृपा तो आपणांस देवो. आमेन.