भयानकाचे रसिक

मनुष्य सुखाकडे धांवतो आणि दुःखापासून दूर पळतो, हें तत्त्व इतकें सर्वमान्य आहे कीं तें सिद्ध करण्याच्या खटपटींत सहसा कोणी पडत नाहीं. असें असतां, पदरचे पैसे मोडून आणि हक्काची झोंप घालवून, आपल्यास भीति वाटावी म्हणून मुद्दाम अंधारांत जाऊन बसणारा एक मोठा वर्ग जगांत आहे. या रसिकास थडग्यांतून उठणारीं प्रेतें हवीं असतात, प्रयोगशाळेंत जन्मलेले राक्षस हवे असतात, परग्रहावरून उतरणारे शत्रु हवे असतात. एकच चित्रपट तो दहादां पाहतो, त्यांतील संवाद तोंडपाठ म्हणतो, आणि समानधर्मी कोणी भेटला कीं त्यास सगोत्र भेटल्याचा आनंद होतो. 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' हा १९७५ सालचा चित्रपट न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली चित्रगृहांत १९७६ पासून मध्यरात्रीं दाखविला जाऊं लागला, तेव्हां प्रेक्षक पात्रांचे पोशाख करून येऊं लागले, पडद्यास उलट उत्तरें देऊं लागले आणि लग्नाच्या प्रसंगीं तांदूळ उधळूं लागले. अशा चित्रपटांस इंग्रजींत 'कल्ट', म्हणजे पंथाचे चित्रपट, म्हणतात तें उगाच नव्हे.

हा रसिक आतां आपल्याहि घरांत आहे. घरचीं दारें लागल्यावर कानांत इयरफोन घालून तो एकटाच आपलें भय भोगीत बसतो, आणि वडील मंडळीस त्याची काळजी वाटते. असलें कांहीं पाहून मन निबर होतें, असें वडिलांचें म्हणणें; हें सारें खोटेंच तर आहे, असें धाकट्यांचें उत्तर. वडिलांनीं आपल्या लहानपणीं मुंजा, हडळ आणि वेताळ यांच्या गोष्टी आजीच्या कुशींत शिरून ऐकल्या होत्या, पुढें नारायण धारपांच्या कथा दिव्याजवळ सरकून वाचल्या होत्या, ही गोष्ट या वादांत कोणीच काढीत नाहीं. आमच्या मतें दोन्हीं पक्षांचें बोलणें मूळ प्रश्नाच्या अलीकडेच थांबतें. तो प्रश्न असा कीं, दुसऱ्याची यातना, विकृति किंवा फजिती पाहून जो आनंद होतो, तो निर्दोष केव्हां आणि सदोष केव्हां?

प्रश्न फार जुना आहे. प्लेटोनें आपल्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या चौथ्या भागांत लिऑन्टिअस नांवाच्या गृहस्थाची गोष्ट सांगितली आहे. पिरिअस बंदराकडून अथेन्सकडे येत असतां तटाबाहेर, मारेकऱ्याच्या जागेजवळ, त्यास प्रेतें पडलेलीं दिसलीं. पाहावेंसें तर वाटे आणि किळसहि येई. कांहीं वेळ त्यानें तोंड झांकून घेतलें. शेवटीं वासनेनें जय मिळविला, आणि तो डोळे विस्फारून प्रेतांकडे धांवला व आपल्याच डोळ्यांना म्हणाला कीं, मेल्यांनो, घ्या हें सुंदर दृश्य पोटभर पाहून! या गोष्टीनें प्लेटोस मनाच्या निरनिराळ्या अंशांतील कलह दाखवावयाचा होता. आम्हांस मात्र त्यांत भयपटाच्या प्रेक्षकावरील सर्वांत जुना आरोप दिसतो: तूं दुसरा लिऑन्टिअसच आहेस, फक्त तिकीट काढून आलेला.

या आरोपाचें उत्तर आपल्या साहित्यशास्त्रांत आहे. भरतानें नाट्यशास्त्रांत जे आठ रस सांगितले, त्यांत भयानक आणि बीभत्स यांस शृंगार व वीर यांच्याच पंक्तीस बसविलें आहे. अभिनवगुप्तानें रसाची प्रक्रिया समजावून सांगतांना उदाहरण घेतलें तें भयानकाचेंच. शाकुंतलाच्या आरंभीं दुष्यन्ताच्या बाणापुढें मान वळवून वळवून पळणारा जो हरिण आहे, त्याचें वर्णन ऐकतांना सहृदयास जें भय प्रतीत होतें तें कोणाचें? तें हरिणाचें नव्हे, कारण तो हरिण येथें खराखुरा नाहीं. आणि श्रोत्याचेंहि नव्हे, कारण त्यास बाण लागावयाचा नाहीं. स्थलकालाच्या आणि 'माझें-तुझें' या भेदाच्या पलीकडे गेलेलें तें निव्वळ भय होय, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेतां येतो. लिऑन्टिअसनें पाहिलेलीं प्रेतें मात्र कोणाचीं तरी होतीं. त्यांच्या घरीं त्या क्षणीं कदाचित् रडारड चालली असेल, आणि याच्या डोळ्यांस तें केवळ दृश्य होतें. दोहोंतील भेद आम्ही साध्या शब्दांत असा मांडूं: ज्याच्याकडे आपण पाहतों तो आपल्या लेखीं 'कोणी' राहिला, तर पाहणें निर्दोष, तो 'कांहीं' झाला, कीं तेथें दोष शिरला.

परंतु कसोटी मांडणें सोपें आणि लावणें अवघड. १९३२ सालीं टॉड ब्राउनिंग या दिग्दर्शकानें 'फ्रीक्स' नांवाचा चित्रपट काढिला. त्यांतील सर्कशींत ठेंगणीं, हातपाय नसलेलीं, शरीरें जोडलेलीं जीं माणसें आहेत, तीं रंगभूषेनें बनविलेलीं नव्हतीं. जन्मतःच तशीं असून अशाच खेळांतून पोट भरणारीं तीं माणसें होतीं. म्हणजे येथें 'सारें खोटेंच आहे' ही पळवाट बंद झाली. चित्रपट पाहून लोक इतके बिथरले कीं कंपनीनें सुमारें नव्वद मिनिटांचा चित्रपट कापून चौसष्ट मिनिटांवर आणिला, आणि ब्रिटनमध्यें तर १९६३ पर्यंत त्यास परवानगीच मिळाली नाहीं. वरवर पाहतां नीतीनें अनीतीस आळा घातला असें वाटेल. पण चित्रपटांत आहे काय तें पाहावें. प्रिन्स रँडियन या हातपाय नसलेल्या गृहस्थाचें, केवळ ओठांच्या साह्यानें काडी ओढून सिगारेट पेटविणें कॅमेरा शांतपणें दाखवितो. त्यांत किळस नाहीं, कोणाच्या तरी नित्यक्रमाचें कौतुक आहे. पुढें लग्नाच्या मेजवानींत हीं सारीं माणसें, पैशाच्या लोभानें एका ठेंगण्या पुरुषाशीं लग्न करणाऱ्या धडधाकट सुंदरीस आपल्यांतली एक म्हणून स्वीकारतात आणि सर्वांनीं मिळून प्यावयाचा प्याला तिच्यापुढें धरितात. ती तो प्याला त्यांच्याच अंगावर उडविते. चित्रीकरणाच्या दिवसांत स्टुडिओच्या भोजनगृहांत काय झालें? हे कलावंत आपल्याबरोबर जेवावयास नकोत अशी इतरांनीं तक्रार केली, आणि त्यांतील बहुतेकांच्या जेवणाची व्यवस्था बाहेर, वेगळी करण्यांत आली. पंक्तिभेद म्हणजे काय हें आपल्या समाजास कोणी समजावून सांगावयास नको. पडद्यावरचा प्याला आणि स्टुडिओंतली पंगत शेजारीं ठेवून पाहिलीं, म्हणजे कोण कोणास 'कांहीं' समजत होता तें कळून येतें.

या चित्रपटावर दोष मुळींच येत नाहीं, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. शेवटीं तींच माणसें भर पावसांत, चिखलांतून, शस्त्रें घेऊन सूड उगवावयास सरपटत येतात, तेव्हां तासभर ज्यांच्याविषयीं स्नेह जोडला त्यांचींच शरीरें दिग्दर्शक आपल्यास भिवविण्यासाठीं वापरतो. जो प्रेक्षक तेथें नुसता शहारतो, तो लिऑन्टिअस झाला. ज्याच्या शहाऱ्यांत आपण कोणाला भ्यालों याची लाज मिसळली, तो सहृदय राहिला. एकाच चित्रपटांत दोन्हीं वाटा असूं शकतात, आणि वाट निवडण्याची जबाबदारी कांहीं अंशीं पाहणाऱ्याच्या गळ्यांत पडते.

पाहण्यावर कात्री चालवून नीति सुरक्षित होते, ही समजूतहि तपासून घेतली पाहिजे. १९३१ सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्यें बोरिस कार्लोफनें उभा केलेला राक्षस तळ्याकाठीं एका लहान मुलीबरोबर खेळतो. ती फुलें पाण्यांत टाकते, तीं तरंगतात, तोहि टाकतो. फुलें संपतात, आणि हीहि तशीच तरंगेल अशा भाबड्या समजुतीनें तो तिलाच उचलून पाण्यांत टाकतो. मग त्याची धांदल उडते; काय झालें तेंच त्यास उमगत नाहीं. हा भाग असह्य वाटून परीक्षकांनीं कापला. त्यामुळें अनेक वर्षें लोकांनीं एवढेंच पाहिलें कीं राक्षस मुलीकडे हात पुढें करितो, आणि पुढें तिचा बाप तिचें प्रेत हातांवर घेऊन गांवांतून चालतो. मधल्या रिकाम्या जागेंत ज्याच्या त्याच्या मनानें जें भरलें, तें मूळच्याहून कितीतरी घाणेरडें असणार. १९८० नंतरच्या दशकांत तो भाग परत जोडला गेला. भय कमी करण्याच्या नादांत येथें राक्षसाची निरागसता तेवढी कापली गेली होती. तो 'कोणी' होता, त्याचें 'कांहीं' झालें.

विज्ञानकल्पिताच्या चित्रपटांतहि हाच अनुभव येतो. १ मार्च १९५४ रोजीं अमेरिकेनें बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. तिची राख 'लकी ड्रॅगन' नांवाच्या जपानी मासेमारी नौकेवरील तेवीस जणांवर पडली, आणि त्यांपैकीं एक जण सप्टेंबरांत मरण पावला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत इशिरो होंडा यांचा 'गोजिरा', ज्यास आपण 'गॉडझिला' म्हणून ओळखतों, तो जपानांत झळकला. रबरी पोशाखांतला माणूस लांकडी-प्लास्टरचें टोकियो तुडवितो, हें सांगितलें तर हंसूं येईल. पण त्याच चित्रपटांत जखमींनीं भरलेलें रुग्णालय आहे. आगीच्या वेढ्यांत लेंकरांना कवटाळून, आतां लवकरच बाबांकडे जाऊं, असें त्यांस सांगणारी आई आहे. आणि आपल्या संहारक शोधाचा कोणी पुन्हां उपयोग करूं नये म्हणून कागद जाळून त्या शोधाबरोबर स्वतःहि समुद्रतळीं मरण पत्करणारा शास्त्रज्ञ आहे. १९५६ मध्यें अमेरिकेसाठीं जी आवृत्ति तयार झाली, तिच्यांत एक अमेरिकन वार्ताहर घुसडण्यांत आला आणि अणुस्फोटाविषयींचा बराच भाग गळाला. तींतहि प्राणी तोच, मोडतोड तीच. उणें झालें तें भयामागचें दुःख. ज्यांस हा चित्रपट केवळ मोडतोडीसाठीं प्रिय आहे आणि ज्यांस त्या आईसाठीं प्रिय आहे, त्या दोघांस एकाच मापानें मोजणें अन्यायाचें होईल.

आतां एक आनंद उरला, आणि तो भयाहूनहि अधिक संशयास्पद आहे. या पंथाचे लोक कांहीं चित्रपट ते वाईट आहेत म्हणूनच पाहतात. एड वुड याचा, १९५७ मध्यें प्रथम दाखविलेला 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' हा त्यांचा शिरोमणि. त्यांतलीं थडगीं हलतात, एकाच प्रसंगांत दिवस असतो आणि रात्रहि असते. एके काळीं ड्रॅक्युला म्हणून गाजलेला बेला लुगोसी १९५६ मध्यें वारला. त्याच्या उरलेल्या थोड्याशा चित्रणाची भर म्हणून वुडनें दुसराच माणूस तोंडावर झगा धरून फिरविला. १९८० सालीं एका अमेरिकन पुस्तकानें वाचकांचा कौल घेऊन हा चित्रपट आजवरचा सर्वांत वाईट ठरविला. त्यापूर्वींच, १९७८ च्या डिसेंबरांत, वुड हालाखींत मरण पावला होता. मेलेल्या माणसाच्या प्रामाणिक धडपडीस हंसणें, हें शिष्टास शोभतें काय?

आमचें उत्तर असें कीं, हंसण्याहंसण्यांत फरक आहे. उत्सवांतल्या हौशी नाटकांत रावणाची मिशी गळून पडली, तर सारा गांव हंसतो. पण त्या हंसण्यांत रावण आपल्याच आळींतला आहे याची जाण असते, आणि दुसऱ्या दिवशीं त्यास चहाला बोलावणेंहि जातें. वुडच्या चित्रपटास हंसतां हंसतांच कित्येकांस दिसून आलें कीं, पैसा नाहीं, साधनें नाहींत, अंगीं गुणहि बेताचेच, आणि तरीहि हा माणूस जीव ओतून काम करीत होता. टिम बर्टननें १९९४ मध्यें त्याच्यावर जो चित्रपट काढिला, त्यांत हंसूं आणि माया यांचा हाच मेळ आहे. अपयशावर अशी माया करणारा समाज कुशल समीक्षकांच्या समाजाहून कदाचित् अधिक राहण्याजोगा असेल.

तेव्हां घरांतल्या तरुणास, असलें काय पाहतोस, असें विचारण्यापेक्षां, त्यांतल्या कोणाबद्दल तुला वाईट वाटलें, असें विचारावें. उत्तर आलें, तर त्याच्या भयाची काळजी करूं नये. उत्तर आलेंच नाहीं, प्रेतांची नुसती मोजदाद ऐकूं आली, तर मात्र काळजी रास्त आहे. कारण तसले चित्रपटहि पुष्कळ निघतात आणि तसले प्रेक्षकहि त्यांस मिळतात.

मात्र हाच प्रश्न वडिलांनींहि एकदां स्वतःस विचारावा. ज्या घरांत भुताखेतांचा चित्रपट वर्ज्य मानला जातो, त्याच घरांत सकाळच्या चहाबरोबर मोबाइलवर रस्त्यावरील खऱ्याखुऱ्या अपघाताचें चित्रण पाहिलें जातें, चुकचुकलें जातें, आणि आणखी दहा जणांस धाडलें जातें. रस्त्यावर पडलेला तो माणूस रबराचा नसतो. त्याच्या घरीं बातमी पोंचण्यापूर्वींच तो आपल्या हातांत येऊन पोंचलेला असतो.