प्रेमकथेतील परमेश्वर

पुष्कळ वर्षांपूर्वी एका नाताळ अंकासाठी मी एक प्रेमकथा लिहिली होती. नायिका आपल्यासारख्याच एका धर्मग्रामातली. तिचे ज्याच्यावर मन जडलेले असते तो तरुण नोकरीसाठी आखाती देशात जातो, हळूहळू पत्रे थांबतात आणि घरची माणसे दुसरे स्थळ पाहू लागतात. ती संत अंतोनीच्या नावाने नऊ मंगळवारांचा नोव्हेना करते आणि नवव्या मंगळवारी तो तरुण दारात उभा राहतो. कथा वाचकांना आवडली. विश्वासाला बळ देणारी कथा, असे काहींनी कळवले. मीही सुखावलो.

पुढच्याच एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या आळीतल्या एका प्रौढ बाईंनी मला चर्चच्या आवारात थांबवले. "बाळा, गोष्ट छान लिहिलीस," त्या म्हणाल्या, "पण मग माझे मंगळवार कुठे कमी पडले रे?" त्या अविवाहित होत्या. त्यामागची हकीकत सगळ्या गावाला ठाऊक होती आणि कोणी ती बोलून दाखवीत नसे. त्यांच्या स्वरात राग नव्हता. त्या खरोखरच विचारत होत्या. मला उत्तर देता आले नाही.

त्या प्रश्नाने मला एका मोठ्या प्रश्नाशी आणून सोडले. प्रेमकथा ही श्रद्धेची अभिव्यक्ती होते ती नेमकी कशामुळे? आपल्याकडे याची दोन उत्तरे सहज दिली जातात. पहिले असे की कथेत अमंगल काही नसावे. हे पथ्य योग्यच आहे. परंतु पथ्य म्हणजे अन्न नव्हे. दुसरे असे की पात्रांनी प्रार्थना करावी आणि शेवटी देवाने त्यांचे भले करावे. माझी कथा याच दुसऱ्या वाटेने गेली होती. आज वाटते, मी देवाच्या नावावर एक हुंडी काढली होती आणि तिच्यावर त्याची सही नव्हती. नऊ मंगळवारांच्या बदल्यात नवरा मिळेल, असे वचन त्याने कोणालाही दिलेले नाही.

कोणी म्हणेल, पवित्र शास्त्रातही देव लग्ने जुळवतोच ना? जुळवतो. टोबीतच्या पुस्तकात राफाएल देवदूत तरुण टोबियासला साराच्या घरी घेऊन जातो आणि त्यांचा विवाह घडवून आणतो. परंतु हे पुस्तक नीट वाचले तर तिथे काय आहे? साराचे सात पती लग्नाच्या रात्रीच मेलेले आहेत. घरची दासी तिला टोचून बोलते. ती गळफास घेण्याच्या विचारापर्यंत जाते आणि केवळ वडिलांच्या दुःखाच्या जाणिवेने थांबते. ती देवाकडे नवरा मागत नाही. मरण मागते, नाहीतर या निंदेतून सुटका मागते. तिचे मागणे ऐकले जाते, पण तिने कल्पिलेही नव्हते अशा रीतीने. आणि आठव्या लग्नाच्या रात्री तिचा बाप रगुएल जावयासाठी गुपचूप कबर खणून ठेवतो! शास्त्रलेखकाने ती कबर लपवली नाही. म्हणून उजाडण्यापूर्वी ती बुजवली जाते तेव्हा वाचकाचाही जीव भांड्यात पडतो. त्या कथेतला आनंद ही कृपा आहे. आणि कृपा म्हणजे मजुरी नव्हे.

हाच विवेक मला इटलीच्या आलेस्सांद्रो मांझोनी या कॅथलिक लेखकाच्या महाकादंबरीत सापडला. तिचे नावच 'वाग्दत्त वधूवर' अशा अर्थाचे आहे. ती १८२७ साली प्रसिद्ध झाली आणि भाषेवर पुन्हा संस्कार करून १८४० ते १८४२ या काळात तिची नवी आवृत्ती निघाली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली विवाहपूर्व काळावर बोलताना तरुण जोडप्यांना ही कादंबरी वाचण्याचा आग्रह केला होता. सतराव्या शतकातले लोंबार्दी. रेन्झो आणि लुचिया ही रेशमाच्या उद्योगात राबणारी साधी माणसे. गावच्या उन्मत्त सरदाराची लुचियावर वाईट नजर आहे आणि त्याच्या धाकाने भित्रा धर्मगुरू त्यांचे लग्न लावायचे टाळतो. यानंतर कादंबरीचा बहुतेक भाग ही दोघे एकमेकांपासून दूर असतात. ही प्रेमकथा मीलनाने नव्हे, वचनाने तोललेली आहे.

पळवून नेलेली लुचिया एका रात्री भयाने पवित्र मरियेला नवस करते: मला वाचव, मी लग्न करणार नाही. ती वाचते. माझ्यासारख्या कथाकाराने तिथेच हिशेब पूर्ण केला असता. मांझोनी तसे करीत नाही. पुढे १६३०च्या प्लेगमध्ये, मिलानच्या रोग्यांच्या छावणीत, फादर क्रिस्तोफोरो हे कपुचिन संन्यासी तिला त्या नवसातून मोकळे करतात. दुसऱ्याला आधीच दिलेले वचन मोडून देवाला काही अर्पण करता येत नाही, हे ते तिला समजावतात. आणि रेन्झोला लुचिया सापडण्यापूर्वी तेच संन्यासी त्याला मरणासन्न पडलेल्या त्या सरदारापुढे उभे करतात. ज्याने आपले आयुष्य उद्ध्वस्त केले त्याला क्षमा केल्यावरच रेन्झो प्रेयसीच्या शोधात पुढे जातो. माझ्या मते कादंबरीचे ख्रिस्तीपण या ठिकाणी आहे, तिच्यातल्या प्रार्थनांच्या संख्येत नाही.

आणखी एक उदाहरण देतो. १९६० साली पोलंडमधल्या एका मासिकात 'सोनाराचे दुकान' अशा अर्थाच्या शीर्षकाचे एक नाटक टोपणनावाने छापून आले. लेखक होते क्राकोवचे साहाय्यक बिशप कारोल वोयतिवा, पुढचे संत पोप जॉन पॉल दुसरे. त्यात संसाराला विटलेली आन्ना आपली लग्नाची अंगठी विकायला सोनाराकडे जाते. तो ती तराजूत घालतो आणि काटा हलतच नाही. तुमचा नवरा हयात असला पाहिजे, तो सांगतो. दोन्ही अंगठ्या एकत्र असल्या तरच त्यांना वजन असते. एका धर्माध्यक्षाने विवाहावर लिहिताना विस्कटलेला संसार टाळला नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

तेव्हा, वाचकहो, गोड शेवटाला माझी हरकत नाही. आशा हा ख्रिस्ती सद्गुणच आहे. परंतु श्रद्धेने लिहिणे म्हणजे देवाला कथेच्या सोयीसाठी राबवणे नव्हे. जो लेखक दहाव्या आज्ञेपर्यंत सगळे पाळतो आणि कथेत मात्र देवाविषयी खोटी साक्ष देतो, त्याने आपली लेखणी तपासावी. ज्यांची प्रार्थना फळली त्यांच्याइतकीच ज्यांची फळली नाही त्यांनाही आपल्या कथेत बसायला जागा आहे का, ही माझ्या मते त्या तपासणीची कसोटी आहे.

त्या बाई आता हयात नाहीत. त्यांनी मंगळवार कधीच सोडले नव्हते, हे मला त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी कळले. आळीतल्या ज्या मुलींची लग्ने अडली होती, त्यांच्या नावाने त्या नोव्हेना करीत असत. त्यातल्या तिघी आपल्या मुलाबाळांसह तिथे उभ्या होत्या. ज्याच्याकडून मागितले ते मिळाले नाही, त्याच्याच दाराशी त्या दुसऱ्यांसाठी मागत राहिल्या. विश्वासाला बळ देणारी प्रेमकथा लिहायची तर ती ही होती. ती मला अजून लिहिता आलेली नाही.