सज्ज्यावरचं सामान

जन्मभर नुसतं घेत गेलेल्या एका माणसाच्या सामानासाठी संसदेनं कायदा केला, असं हैदराबादेत घडलेलं आहे. हा माणूस म्हणजे मीर युसूफ अली खान, तिसरे सालारजंग. जन्म पुण्याचा, १८८९ चा. १९१२ मध्ये ते निजामाचे दिवाण झाले आणि १९१४ च्या अखेरीस ते पद सोडून मोकळे झाले. पद सुटलं, खरेदी सुटली नाही. पुढची पस्तीसेक वर्षं घड्याळं, हस्तिदंती वस्तू, चिनी मातीची भांडी, गालिचे, हस्तलिखितं, तलवारी, हातातल्या काठ्या, मुलांची खेळणी असं सगळं दिवाण देवडी या त्यांच्या वाड्यात येत राहिलं. आजोबांनी, म्हणजे पहिल्या सालारजंगांनी, १८७६ मध्ये रोममध्ये घेतलेली ‘व्हेल्ड रिबेका’ ही संगमरवरी मूर्ती घरात आधीपासून होतीच. २ मार्च १९४९ ला ते वारले तेव्हा मागं ना बायको होती, ना मूलबाळ. होतं ते सामान.

असं भरलं घर मागं ठेवून कुणी गेलं की पुढं काय होतं, ते कुठल्याही वाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. दूरचे नातेवाईक जवळ येतात, दावे लागतात, आणि चांगलं ते आधी उचललं जातं. इथंही दावे लागले. मूळ संग्रहातला निम्मा ऐवज हातोहात गेला, असं शहरात आजही बोललं जातं. पण इथं एक वेगळी गोष्ट झाली. इस्टेटीसाठी समिती नेमली गेली, हैदराबाद राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री एम. के. वेल्लोडी यांनी म्युझियमची कल्पना धरून ठेवली आणि जेम्स कझिन्स या कलासमीक्षकाला सामान लावायला बोलावलं. १६ डिसेंबर १९५१ ला पंडित नेहरूंनी दिवाण देवडीतच म्युझियमचं उद्घाटन केलं. १९५८ मध्ये वारसांशी उच्च न्यायालयात तडजोड झाली, १९६१ मध्ये कायदा झाला आणि १९६८ मध्ये संग्रह मुसी नदीकाठच्या आताच्या इमारतीत आला. तिथं कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीचं वाजतं घड्याळ आहे. तास भरला की आतून एक छोटा दाढीवाला बाहेर येतो आणि टोले देऊन परत जातो. बारा टोले ऐकायला दुपारी बाराला तिथं गर्दी उसळते. हेच घड्याळ दिवाणखान्यात पडून राहतं, तर सालारजंगांच्या नातलगांनी त्याला अडगळच म्हटलं असतं.

घर आवरण्यावर हल्ली जे लिहिलं जातं, त्यातलं बहुतेक मनाबद्दल असतं. मोह, आठवणी, धास्ती, नव्या वर्षाचे संकल्प. जपानच्या मारी कोंडो यांनी वस्तू हातात धरून तिनं आनंद होतो का ते बघायला सांगितलं. २०१९ मध्ये त्यांची मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि जगभर लोक कपाटं उपसून बसले. (तिसऱ्या मुलानंतर घर टापटीप ठेवण्याचा नाद आपण बराचसा सोडल्याचं २०२३ मध्ये त्यांनीच सांगून टाकलं. पुष्कळ घरांत तेव्हा हायसं वाटलं असेल.) पण हैदराबादेतली उदाहरणं पाहिली की वाटतं, अडचण मनापेक्षा पत्त्याची आहे. वस्तू सोडायला माणूस एरवी तयार असतो. ती कुणाच्या हाती द्यायची हे ठरत नाही, म्हणून ती वर चढते.

निजामांचंच बघा. सहावे निजाम महबूब अली खान एकदा घातलेला पोशाख पुन्हा घालत नसत, अशी आख्यायिका आहे. पुरानी हवेलीतलं त्यांचं दुमजली कपाट हवेलीची एक अख्खी बाजू व्यापतं आणि वरच्या मजल्यावर जायला त्याला हातानं फिरवायची लाकडी लिफ्ट आहे. त्यांचे चिरंजीव उस्मान अली खान नेमके उलटे. ‘टाइम’ साप्ताहिकानं १९३७ मध्ये जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्यांना मुखपृष्ठावर छापलं, पण शहराच्या आठवणीत ते राहिले चिक्कू म्हणून. १८४ कॅरेटहून मोठा जेकब हिरा त्यांना वडिलांच्या जोड्याच्या चवड्यात सापडला आणि त्यांनी तो कागदांवर ठेवायला वापरला, असं सांगतात. बापानं जोड्यात कोंबलेला हिरा मुलानं कागद उडू नयेत म्हणून काढला. अडगळीची याहून देखणी गोष्ट शोधून सापडायची नाही.

उस्मान अली खान १९६७ मध्ये गेले. दागिने ट्रस्टमध्ये होते. विकायचे तर कुणाला आणि कितीला, यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १९९५ मध्ये केंद्र सरकारनं १७३ नग सुमारे २१८ कोटींना घेतले. ते रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत गेले, मधूनमधून लोकांना दिसले ते दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आणि सालारजंग म्युझियममध्ये. गादीचे वारस नातू मुकर्रम जाह यांना हा सगळा बारदाना पेलवेना. ते ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या कुरणावर जाऊन राहिले. चौमहल्ला राजवाडा लोकांसाठी नीट उघडला तो २००५ मध्ये, तोही त्यांच्या पहिल्या पत्नी राजकुमारी एसरा यांनी पदर खोचला तेव्हा. म्हणजे अडतीस वर्षं. जागेला तोटा नव्हता, वारसांना तर नव्हताच. बसून याद्या करणारं माणूस तेवढं नव्हतं.

याच घराण्यातली आणखी एक वस्तू. सप्टेंबर २०१८ मध्ये पुरानी हवेलीतल्या निजाम म्युझियममधून रत्नजडित सोन्याचा तीन पुडांचा डबा चोरीला गेला. काही दिवसांत चोर पकडले गेले. पोलिसांनी सांगितलं की निजामानं हा डबा कधी वापरलाही नव्हता, दोघांपैकी एक चोर मात्र मुंबईत त्यातून रोज जेवत होता. चोरीचं समर्थन कुणी करणार नाही. पण त्या डब्याला डबा म्हणून जे काही दिवस मिळाले, ते एवढेच.

मराठी घरांत ही गोष्ट सज्ज्यावर येते. भिंतीतून पुढं आलेली काँक्रीटची ती रुंद फळी, पुण्यामुंबईत जिला माळा किंवा लॉफ्ट म्हणतात, ती हैदराबादेत सज्जा. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या भागांत मराठवाड्यातून आलेली वकील, मास्तर, निजामाच्या नोकरीतले कारकून अशी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पण ज्यांची घरं आणि पोटापाण्याची सोय इथं होती ते इथंच थांबले. त्यांच्या सज्ज्यावर तांब्याचा बंब, घंगाळ, पितळेची पातेली आहेत. कल्हईवाला यायचा बंद झाला तशी ती वर गेली. आता काही घरांतून ती पुन्हा उतरतायत. नात कोंडापूरच्या फ्लॅटमध्ये घंगाळात मनी प्लँट लावते आणि पाहुणे कौतुक करतात. पाटा-वरवंट्याला मात्र असा पुनर्जन्म नाही. तो दिवाणखान्यात शोभत नाही, आणि वापरावा तर खालच्या मजल्यावरचे तक्रार करायला वर येतात.

जुनं घर बिल्डरला द्यायचं ठरलं की नातू स्टुलावर चढतो.

“आजी, हा बंब देऊन टाकायचा का?”

“देऊ की. कुणी मागितला तर.”

“कोण मागणार आता?”

“मी तरी दुसरं काय म्हणतेय?”

आजीचा मोह सुटलेला असतो. तिचा प्रश्न फक्त पत्त्याचा असतो, आणि त्याचं उत्तर नातवाकडेही नसतं.

खालच्या गल्लीतून तेवढ्यात भोंग्याची गाडी जाते, ‘पात सामान कोंटाम’, जुनं सामान घेतो. ती लोखंड घेईल, प्लास्टिक घेईल, रद्दी घेईल, सगळं किलोवर. पुरानापुलाजवळचा गुरुवारचा जुमेरात बाजार आणि एर्रागड्ड्याचा रविवारचा बाजार जरा जास्त उदार आहेत. तिथं मोडका पंखा, एकटा पडलेला बूट आणि बिनहँडलची कढई यांनाही गिऱ्हाईक भेटतं. पूर्वी जुन्या कपड्यांसाठी बोहारीण दारात यायची. दोन साड्या आणि एक पँट यांवर स्टीलचं पातेलं द्यायचं की डबा, यावर तासभर घासाघीस चालायची. त्या घासाघिशीत घरच्या बाईला एक कळायचं, की या साडीची कुणाला तरी गरज आहे. देणगीच्या पेटीत हे कळत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनारपट्टीवर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. ‘गूँज’ संस्थेनं ते उचलून निवडले, आणि न वापरण्याजोग्या कापडाचंही काही ना काही केलं. अंशू गुप्ता यांनी ही संस्था १९९९ मध्ये सुरू केली. जुनं ते फुकट वाटायचं नाही, गावानं रस्ता किंवा विहिरीचं काम करावं आणि मोबदल्यात सामान घ्यावं, अशी त्यांची पद्धत आहे. म्हणजे घेणाऱ्याचा मान राहतो. बोहारीण हेच करत होती. तिला गुप्तांसारखा मॅगसेसे पुरस्कार मिळाला नाही एवढंच.

तेलुगू शेजारी हा गुंता सरळ आगीत टाकून सोडवतात. संक्रांतीच्या आदल्या पहाटे हैदराबादेतल्या सोसायट्यांच्या आवारात भोगीची शेकोटी पेटते. तीत जुनी लाकडं, मोडक्या खुर्च्या, फाटक्या चटया जातात. त्याच दिवशी मराठी घरात तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची लेकुरवाळी भाजी होते, पण काही जळत नाही. आपली साफसफाई दसऱ्याआधीची. तिची रीत अशी की सगळं खाली काढायचं, घासायचं, पुसायचं आणि होतं तिथंच परत ठेवायचं! शेकोटीचा हेवा वाटतो खरा, पण आता घरांत लाकूड कमी आणि रेक्झिन, फोम, टायर जास्त. १३ जानेवारी २०१८ ला चेन्नईत भोगीच्या धुरानं विमानांचा खोळंबा झाला. आग हाही शेवटी पत्ता नव्हे. आणि जे जळत नाही, ते नाल्यात जातं. ऑक्टोबर २०२० मध्ये मुसळधार पावसानं हैदराबादच्या कित्येक वसाहती बुडाल्या. पाणी ओसरल्यावर भिजलेल्या गाद्या, सोफे आणि फुगलेली प्लायवूडची कपाटं रस्त्यावर आली. नाल्यांतून निघालेल्या गाद्या तर पावसाच्या आधीपासून तिथं होत्या.

सगळ्यांत जिवावर येतं ते पुस्तकं काट्यावर चढवणं. आजोबांची पोथी, बांधीव मासिकं, दोरीनं बांधलेले दिवाळी अंक, इथल्या मराठी साहित्य परिषदेच्या ‘पंचधारा’चे अंक. नातवंडं इंग्रजी शाळेत शिकली, दुसरी भाषा तेलुगू किंवा हिंदी. ती मराठी छान बोलतात, वाचताना अडखळतात. पुस्तकाला स्वतःच्या घरातच वाचक उरलेला नाही. मग इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथसंग्रहालय आठवतं. पण जी कादंबरी घरोघरी होती, ती तिथंही असतेच, आणि आणखी चार प्रती ठेवायला जागा कुठल्याच ग्रंथालयाकडे नसते. उरला आबिड्सचा फुटपाथ. रविवारी दुकानं बंद असतात तेव्हा तिथं जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तिथं इंजिनिअरिंगची गाइडं आधी उठतात. मराठी पुस्तकाला आपला माणूस भेटेपर्यंत ऊन खात पडावं लागतं.

गंमत अशी की जुन्या मराठी ग्रंथांचा मोठा फेरफटका हैदराबादेतून झालाय. पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसून कुणी इंटरनेटवर एखादं दुर्मीळ मराठी पुस्तक उघडलं, की पहिल्याच पानावर पुष्कळदा उस्मानिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा शिक्का असतो, ‘ओयू’नं सुरू होणारा क्रमांक असतो आणि परत करायच्या तारखेची चिठ्ठीही. विद्यापीठाच्या कपाटांतली ही पुस्तकं स्कॅन झाली आणि ज्यांनी हैदराबाद पाहिलंही नाही त्यांच्यापर्यंत पोचली. तेव्हा घरातलं पुस्तक देण्याआधी ते तिथं आहे का, हे बघून घ्यावं. असेल तर कागदाची प्रत निवांत मनानं सोडता येते. नसेल तर मात्र ते किलोवर घालणं हा गुन्हाच.

पण ज्याला घरचे बेलाशक कचरा म्हणतात, तेच बहुधा कुठंही स्कॅन झालेलं नसतं. विवेक वर्धिनी शिक्षणसंस्थेच्या जुन्या स्मरणिका, किराणाच्या वह्या, परभणी-नांदेडहून आलेली पत्रं, लग्नपत्रिका, भाड्याच्या पावत्या. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगावच्या घरांतली दप्तरं धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढली, पहिला खंड १८९८ चा. ती दप्तरंसुद्धा कुणाच्या तरी माळ्यावर, उंदरांच्या संगतीत, ‘असू दे’ म्हणून राहिलेली होती. हैदराबादेतल्या मराठी माणसांचा विसाव्या शतकातला संसार लिहायचा तर त्याची साधनं आज काचीगुड्याच्या सज्ज्यांवर आहेत, आणि दर महिन्याला त्यातलं एखादं घर पाडायला निघतं.

शहरातली मराठी मंडळं गणपती बसवतात, दिवाळी पहाट करतात, नाटकं आणतात. त्यांनी वर्षातला एक रविवार या कामाला द्यावा. ज्यांची घरं मोकळी व्हायची आहेत त्यांनी सामान आणावं, ज्यांना हवंय त्यांनी न्यावं, आणि कागदपत्रं निवडायला इतिहासाचे दोन विद्यार्थी बसवावेत. भांडी घेऊन जाणारे मिळतील, पुस्तकांनाही थोडेफार मिळतील. त्याआधी घरच्यांनी आजीला खाली खुर्ची द्यावी, आणि वस्तू उतरवता उतरवता ती कुणी, कुठून, कितीला आणली ते मोबाइलवर बोलून ठेवायला सांगावं. दुपार जाईल, पण यादी होईल. पाटा-वरवंट्याचं काय करायचं, ते त्या रविवारीही ठरेलसं वाटत नाही.