गोड, पण कुणाला?

मुलीला पहिला पगार मिळाला आणि दिवाळीला आईसाठी सेंटची बाटली घ्यायचे तिने ठरवले. निवडीला मला नेले. कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराला बायकांचे मन कळते, असा तिचा समज!

दुकानदाराने कागदाच्या दोन पट्ट्या पुढे केल्या. पहिली 'एंजल', १९९२ सालची. अंगाला मिठाईचा वास लावण्याची हल्लीची टूम रूढ झाली ती हिच्यामुळे. एथिल माल्टॉल नावाच्या द्रव्याचा जत्रेतल्या 'म्हातारीच्या केसां'सारखा वास, आणि त्याखाली पाचीचा कडसर, मातकट दर्प. दुसरी २०१२ सालची 'ला वी ए बेल', म्हणजे 'जीवन सुंदर आहे'. तिच्यातही पाच आहे. पण पुढे येतो तो आयरिसचा मऊपणा आणि साखरेत घोळलेल्या सुक्या मेव्याची गोडी. मी लगेच दुसरीकडे बोट दाखवले. "आईला हीच शोभेल."

"शोभेल, की आवडेल?" मुलीने विचारले.

मी गप्प झालो. सुगंधाचा न्याय मोठा विचित्र आहे. लावणाऱ्याचे नाक थोड्याच वेळात त्याला सरावते. पुढे तो भोगतात भोवतालची माणसे. म्हणून दुसऱ्यासाठी निवडताना आपण नकळत स्वतःसाठीच निवडतो. चोवीस दिवाळ्या बेसन भाजताना आणि पाकाची तार पाहताना तिच्या पदराला येणारा वास मला सणाचा वाटला. तिला तो कामाचा वाटत असेल, हे मनातही आले नाही. आणि आता मी तिच्या अंगाला पुन्हा फराळच लावायला निघालो होतो!

दोन्ही पट्ट्या घरी आणल्या. तिने दुसरी हुंगली, "छान आहे" म्हणाली आणि खाली ठेवली. पहिली मात्र पुन्हा पुन्हा नाकाशी नेली.

"आमच्या आईच्या ट्रंकेचा वास आहे हा. कसर लागू नये म्हणून शालीत पाचीची पानं घालायची ती."

एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जात, त्यांतही हीच पाने घालीत. तिकडे या वासाची ओळख पटली ती त्या शालींतून. हे मी वाचलेले होते. पण मला जो दर्प खटकला, त्यात माझ्या बायकोचे माहेर असेल, हे कुठल्या पुस्तकात वाचणार?

'एंजल' घरी आली. मला ती अजूनही थोडी कडूच लागते. पण बाटली माझ्यासाठी घेतलेली नव्हती.