आधीं कान, मग वाणी



नवविधा भक्तींत पहिला मान श्रवणाला कां? कीर्तन दुसरें, श्रवण पहिलें. कारण उघड आहे. वाणी मुखांतून बाहेर पडते खरी, पण आंत शिरते ती कानानें. जन्मतः ज्या लेकराला ऐकूं येत नाहीं, त्याचा कंठ, तालु, ओठ सर्व धड असूनहि तें आपोआप बोलूं लागत नाहीं. मात्र त्याच्याशीं कोणी हातांच्या खुणांनीं बोललें, तर तें खुणांची भाषा शिकतें आणि मनांतलें सारें सांगतें. म्हणजे भाषा ही एकट्याची मिळकत नव्हे. एकानें द्यावी तेव्हांच दुसऱ्याला मिळते.

पहिला शब्द कोणी उच्चारला, हें कोणालाहि ठाऊक नाहीं. लिहिण्याची विद्या सुमारें पांच हजार वर्षांची; बोलणें त्याच्या कितीतरी आधींचें. पण शब्द वाटेनें कसा झिजतो, तें दिसतें. हस्ताचा हत्थ झाला, हत्थाचा हात. कर्णाचा कण्ण, मग कान. दुग्धाचें दुद्ध, मग दूध. नदींतला गोटा पाण्यानें गुळगुळीत होतो, तसा शब्द जिभेनें. यांत बाटणें कसलें?

आपल्याच मुलखाचा दाखला घ्या. कल्याण बंदराचा माल नाणेघाट चढून जुन्नरला जाई. त्या घाटांतल्या लेण्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा लेख आहे. अश्वमेधादि यज्ञांची व दक्षिणेची त्यांत मोजदाद आहे. यज्ञ वेदमंत्रांनीं झाले, पण लेख कोरला तो प्राकृतांत! पुढें ठाण्याच्या शिलाहारांच्या काळीं, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मध्यें, अंबरनाथच्या देवळांत संस्कृत लेख कोरला गेला. आणि त्याच शकांत कोंकणांतल्या दिवेआगरास ताम्रपट झाला तो मराठींत. शके १२१२ मध्यें ज्ञानोबारायांनीं गीतेचा अर्थ याच मराठींत आणला. २०२४ सालीं तिला अभिजात भाषेचा मान मिळाला.

आतां घरचें बोलूं. कल्याण-डोंबिवलीच्या गांवांतून आगरी माउली 'पानी' म्हणते, 'डोला' म्हणते. लोक हंसतात, म्हणून ती लेकराशीं आपल्या बोलींत बोलायचें सोडते. अहो, हंसतां कोणाला? मूळ संस्कृत शब्द 'पानीय'. त्यांत 'न'च आहे. 'ण' मागाहून प्राकृतांत आला. मग 'पाणी' तेवढें शुद्ध आणि 'पानी' अशुद्ध, हा निवाडा कोणी केला?

शाळेंत प्रमाण मराठी शिकवावी, ती हवीच. पोथी, पत्र, अर्ज तिच्यावांचून चालत नाहीं. पण त्यासाठीं आजीचें तोंड कां बंद करायचें? आजी गप्प झाली, कीं लग्नांतले धवले, जात्यावरच्या ओव्या, मासळीचीं नि भाताचीं नांवें तिच्याबरोबर जातात. दगडावरचा लेख दोन हजार वर्षें टिकला. न बोललेली बोली दोन पिढ्यांत बुडते, आणि ती कोणत्याहि लेण्यांत सांपडत नाहीं.

पंढरीच्या वाळवंटांत कानडी येतो, वऱ्हाडी येतो, आगरी येतो. विठोबा कोणालाहि 'नीट बोल' म्हणत नाहीं. मग आपण कां म्हणावें? हरिपाठ झाला, कीं नातवंडाला मांडीवर घ्या. घटकाभर आपल्या बोलींत बोला. त्याचे कान भरले, तर त्याची वाणी उघडेल.

रामकृष्ण हरि.