चुकीचा धनी कोण?

गुरूच्या शब्दावर विसंबून एखाद्यानें पाऊल टाकलें आणि तें चुकलें, तर दोष कोणाचा? यश आलें तर शिष्याची निष्ठा आपण वाखाणतों. अपयश आलें तर 'त्याला स्वतःचे डोळे नव्हते काय?' असें विचारतों. २०१० सालीं कॅनडांतील व्हँकूव्हर येथील ऑलिंपिक सामन्यांत जें घडलें, तें आठवलें म्हणजे हा प्रश्न इतक्या सहजीं निकालांत निघत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

हॉलंडचा स्वेन क्रामर हा बर्फावरील स्केटिंगच्या लांब पल्ल्यांत त्या काळीं जवळजवळ अजिंक्य होता. ५००० मीटरची शर्यत त्यानें नुकतीच जिंकली होती. १०००० मीटरची शर्यत म्हणजे ४०० मीटरच्या वर्तुळाकार मार्गाच्या पंचवीस फेऱ्या. दोघे दोघे जोडीनें धांवतात. एक आंतल्या पट्टींत, दुसरा बाहेरच्या. आंतलें वळण लहान, बाहेरचें मोठें. म्हणून अंतर सारखें पडावें यासाठीं प्रत्येक फेरींत पट्ट्यांची अदलाबदल करावी लागते. ती चुकली कीं धांवणारा बाद.

एवढी साधी गोष्ट लक्षांत ठेवणें अवघड तें काय? पण या विद्येचें मर्म येथेंच आहे. कमरेंत वाकून, गुडघे मुडपून तेरा मिनिटें राहावयाचें. मांड्यांत आग पेटते, तरी लय मोडावयाची नाहीं. प्रत्येक फेरी सुमारे एकतीस सेकंदांत पुरी करावयाची. आरंभीं उतावीळपणानें अर्धा सेकंद अधिक वेगानें गेलें, तर शेवटीं तो सव्याज फेडावा लागतो. हा समतोल अंगीं मुरावा म्हणून उन्हाळ्यांत सायकलीवर आणि हिवाळ्यांत बर्फावर वर्षानुवर्षें अशी मेहनत करावयाची, कीं विचाराचें काम मनाकडून पायांकडे जावें. हिशेब ठेवणें हें कांठावरच्या शिक्षकाचें काम. तो फेरीचा वेळ फलकावर दाखवतो. धांवणारा तो आंकडा पाहतो, वाद घालीत नाहीं. वाद घालणारें मन घेऊन तेरा मिनिटें लय सांभाळतां येईल, असें आम्हांस वाटत नाहीं. (आम्हां लेखणी घासणारांना पांच मिनिटें चित्त एका जागीं ठेवणें जड जातें, पण तें असो.)

२३ फेब्रुवारीच्या त्या शर्यतींत सुमारे आठ फेऱ्या उरल्या असतां क्रामर नियमाप्रमाणें बाहेरच्या पट्टीकडे निघाला होता. इतक्यांत त्याचे शिक्षक जेरार्ड केमकर्स यांनीं ओरडून 'आंत' अशी खूण केली. गणना त्यांची चुकली होती. अगदीं शेवटच्या क्षणीं क्रामरनें पाय फिरवला. पुढें तो १२ मिनिटें ५४.५० सेकंदांत रेषेपाशीं आला. ज्या दक्षिण कोरियाच्या ली सुंग-हून यास सुवर्णपदक मिळालें, त्याच्याहून चार सेकंदांनीं आधीं. त्यानें हात उंचावले. मग केमकर्स जवळ आले आणि त्यांनीं खरा प्रकार सांगितला, तेव्हां डोळ्यांवरचा चष्मा त्यानें फेकून दिला.

केमकर्स यांनीं आपली चूक उघडपणें कबूल केली. क्रामरनेंहि प्रथम रागानें त्यांनाच बोल लावला, आणि तें साहजिक होतें. पण खरी पट्टी त्यास ठाऊक होती. पाय तिकडेच वळले होते. मग तो बदलला कां? कांहीं जण यास दुबळेपणा म्हणतील. आम्ही म्हणणार नाहीं. ज्या वृत्तीनें शेंकडों वेळां कांठावरचा आंकडा निमूट मानून त्यानें शर्यती जिंकल्या, तीच वृत्ति त्या क्षणीं पुढें आली. ती जेथें तारील तेथें ठेवावी आणि जेथें बुडवील तेथेंच नेमकी टाकावी, हें खुर्चींत बसून सांगणें सोपें आहे. त्यास एक सेकंदहि नव्हता. तथापि पाऊल त्याचें होतें. बाद म्हणून नांव लागलें तें त्याचें, शिक्षकाचें नव्हे. आणि हा अन्याय झाला असें आम्ही मानीत नाहीं. विश्वास टाकणें हेंहि एक करणेंच आहे.

आम्हांस नवल वाटतें तें पुढील गोष्टीचें. क्रामरनें गुरु बदलला नाहीं. २०१४ सालीं सोची येथें ५००० मीटरचें सुवर्णपदक त्यानें पुन्हा मिळवलें. १०००० मीटरमध्यें मात्र तो आपल्याच देशाच्या योरिट बेर्ग्समाच्या मागें दुसरा राहिला. २०१८ मध्यें तो सहावा आला, आणि २०२२ सालीं निवृत्त झाला. त्या शर्यतीचें ऑलिंपिक सुवर्ण त्यास कधींच लाभलें नाहीं. सोचीच्या बर्फावर तो उतरला, तेव्हां कांठावर फलक घेऊन केमकर्सच उभे होते.